पहिल्या वर्षी हुशार विद्यार्थी का अडखळतो?

परीक्षेचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, महाविद्यालयात नाव दाखल होते आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पोर हुशार आहे, आता त्याच्या अभ्यासाची काळजी नको, असे सर्वांना वाटते. मग पहिल्या सत्राचा निकाल हाती येतो आणि घर चकित होते. शाळेत पहिल्या पाचांत येणारा विद्यार्थी गणितात काठावर असतो, किंवा पदार्थविज्ञानात चक्क नापास झालेला असतो.

मग कारणांचा शोध सुरू होतो. एक काका म्हणतात, शहराचे वारे लागले. दुसरे म्हणतात, शाळेतले गुणच पोकळ होते. शेजारी म्हणतात, घरात शिकलेले कोणी नाही, मार्ग कोण दाखवणार? विद्यार्थी मात्र या सर्वांहून कठोर निवाडा स्वतःवर करतो. ‘हा विषय आपल्या डोक्याचा नव्हे’ असे तो मनाशी ठरवतो आणि कित्येकदा तो विषय कायमचा सोडून देतो. ज्याला शास्त्रज्ञ किंवा अभियंता व्हायचे होते त्याची वाट अशी एका सत्रात बदलून जाते.

वरची कारणे ऐकायला पटतात. पण पटणारे कारण आणि खरे कारण एकच असेल असे नाही. आजारी माणसाला पाहून कोणी ‘दृष्ट लागली’ म्हणेल, पण डॉक्टर नाडी पाहतात, रक्त तपासतात आणि मग बोलतात. महाविद्यालयातील या दुखण्याची अशीच तपासणी अमेरिकेतील एका विद्यापीठात झाली आहे. तिची हकिकत आपल्याही विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे.

बर्कलीतील कोडे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथे युरी ट्रीसमन नावाचे एक तरुण गणिती संशोधन करीत होते. गणिताच्या साहाय्यक अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचे कामही त्यांच्याकडे होते. ते काम करताना एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत भरली.

पहिल्या वर्षाला ‘कलनशास्त्र’ हा विषय असतो. अभियांत्रिकी, वैद्यक, पदार्थविज्ञान अशा बहुतेक शाखांचा रस्ता या एका दारातूनच जातो. आफ्रिकी वंशाचे जे अमेरिकन विद्यार्थी हा विषय घेत, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना ‘डी’ किंवा ‘एफ’ श्रेणी मिळे. म्हणजे कोणी काठावर, तर कोणी नापास. याउलट चिनी वंशाचे बहुतेक अमेरिकन विद्यार्थी त्याच वर्गात चांगल्या श्रेणीने उत्तीर्ण होत. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, पुस्तकही तेच होते. मग फरक कशाने पडला?

ट्रीसमन यांनी अनेक प्राध्यापकांना याचे कारण विचारले. उत्तरे साधारण चार प्रकारची आली. या मुलांत जिद्द कमी असेल, त्यांची शाळेतली तयारी कच्ची असेल, घरून शिक्षणाला पाठिंबा नसेल, किंवा गरिबी आड येत असेल. आपल्या काकांची आणि शेजाऱ्यांची उत्तरे याहून फार वेगळी नव्हती, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

विज्ञानाच्या भाषेत हे चार ‘तर्क’ झाले. तर्क तपासावा लागतो. ट्रीसमन यांनी वीस आफ्रिकी-अमेरिकन आणि वीस चिनी-अमेरिकन विद्यार्थी निवडले. आरंभी मुलाखती घेऊन पाहिल्या, पण त्यांतून फारसे काही हाती लागले नाही. मग त्यांनी विद्यार्थी अभ्यास कसा करतात हे प्रत्यक्ष पाहायचे ठरवले. सुमारे दीड वर्ष ते आणि त्यांचे सहकारी या मुलांच्या खोल्यांवर आणि ग्रंथालयांत जात, त्यांच्या अभ्यासाच्या ध्वनिचित्रफिती घेत.

चारही तर्क एकामागून एक कोसळले. यांतील अनेक मुले आपापल्या शाळांत पहिली आलेली होती. बर्कलीला पोहोचण्यासाठी त्यांनी जिद्दीने कष्ट केले होते. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना पाठवले होते. घरचे उत्पन्न आणि परीक्षेतील गुण यांचा सरळ मेळ बसेना. इतकेच काय, प्रवेशाच्या वेळी गणिताच्या चाचणीत ज्यांना उत्तम गुण होते, असेही काही जण नापासांच्या यादीत होते.

बंद खोली आणि उघडी खोली

फरक सापडला तो अभ्यासाच्या पद्धतीत.

विद्यापीठात विद्यार्थ्यांना सांगितले जाई की, वर्गातील एका तासामागे दोन तास घरी अभ्यास करावा. आठवड्याला गणिताचे चार तास असत. आफ्रिकी-अमेरिकन विद्यार्थी ही सूचना प्रामाणिकपणे पाळत. ते आठवड्याला आठ तास अभ्यास करीत, पण जवळजवळ सर्वजण एकेकटे. मित्र होते, गप्पा होत्या, पण अभ्यासाच्या वेळी खोलीचे दार बंद. शाळेत त्यांना याच सवयीने यश दिले होते. आजूबाजूची मुले अभ्यास करीत नसताना एकट्याने नेटाने बसणे, हीच तर त्यांची शक्ती होती.

चिनी-अमेरिकन विद्यार्थीही आधी एकटे बसून गणिते सोडवीत. मात्र नंतर संध्याकाळी ते एकत्र जमत. कधी जेवता जेवता, कधी कोणाच्या खोलीवर, ते उत्तरे पडताळून पाहत. एकाची रीत दुसरा तपासे. जुन्या प्रश्नपत्रिका काढून ते एकमेकांची परीक्षा घेत. त्यांच्या अभ्यासाची बेरीज आठवड्याला चौदा तासांच्या घरात जाई, आणि त्यातले कित्येक तास अभ्यास व गप्पा यांच्या सीमेवरचे असत.

या बैठकीतून काय साधत असे, हे नीट समजून घ्या. समजा, पाचवे गणित तुम्हाला सुटले नाही. खोलीत एकटे असाल तर तुम्ही काय म्हणाल? ‘मला गणित येत नाही.’ तुमच्यापुढे दुसरा पुरावाच नाही. आता चार जण बसले आहेत. पाचवे गणित तिघांना सुटले आणि तुम्हाला नाही, तर तुमची चूक कोठे झाली ते दहा मिनिटांत कळते. चौघांनाही सुटले नाही, तर गणितच अवघड आहे आणि ते प्राध्यापकांना विचारायचे, हे कळते. दोन्ही प्रसंगी तुमच्या हाती खरी माहिती येते. एकट्या विद्यार्थ्याला ती माहिती परीक्षेच्या निकालापर्यंत मिळत नाही, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. चुकीच्या रीतीने गणित सोडवून ‘आले’ म्हणत तो आठ आठवडे पुढे गेलेला असतो. म्हणूनच आपली श्रेणी पाहून या विद्यार्थ्यांना धक्का बसे.

येथे वंशाचा काही संबंध नाही. सोबतीने अभ्यास करण्याची सवय कोणाला होती आणि कोणाला नव्हती, एवढाच तो फरक होता. आणि सवय ही शिकता येते.

१९७८ साली ट्रीसमन यांनी एक कार्यशाळा सुरू केली. तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. ‘कच्च्या मुलांची शिकवणी’ असा फलक लावला असता तर शाळेत पहिली आलेली मुले तिकडे फिरकलीही नसती. म्हणून ट्रीसमन यांनी उलट वाट धरली. कार्यशाळेत नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली जात. विद्यार्थी आधी आपापली डोकी लढवीत, मग लहान गटांत एकमेकांना रीत समजावून सांगत. अध्यापक फिरता राहून पाही, पण उत्तर सांगण्याची घाई करीत नसे. पुढील काही वर्षांचा हिशेब पाहता, कार्यशाळेत न आलेल्या आफ्रिकी-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या तुलनेत, आलेल्यांपैकी चांगली श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक होते.

चिकित्सक वाचक येथे शंका घेईल. कार्यशाळेत विद्यार्थी आपणहून येत होते. मग मुळातच जास्त उत्साही मुले तेथे गोळा झाली असतील, असे का म्हणू नये? शंका रास्त आहे. त्यामुळे आकड्यांतील सगळा फरक कार्यशाळेच्या पदरात टाकता येत नाही. पण नंतर अमेरिकेतील इतर अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. आणि मूळ निरीक्षण तर स्पष्टच होते: मुलांची बुद्धी कमी नव्हती, आपण कोठे उभे आहोत हे सांगणारे कोणी त्यांच्याजवळ नव्हते.

शाळेत हे काम कोण करीत होते?

आता आपल्या शाळेकडे वळून पाहा. बाई वर्गात आल्या की कालचा धडा विचारतात. गृहपाठाची वही तपासली जाते. घटक चाचणी, सहामाही, तोंडी परीक्षा चालूच असतात. ‘उभा राहा, सांग पाहू’ हे शब्द कानी पडताच पोटात गोळा येतो. तुम्हाला ही कटकट वाटत असेल, पण तुम्हाला काय येते आणि काय येत नाही, हे ती कटकट दर दोन दिवसांनी सांगत असते.

महाविद्यालयात गेल्यावर एका वर्गात शंभर-सव्वाशे विद्यार्थी असतात. प्राध्यापक तासभर व्याख्यान देऊन जातात. वही कोणी मागत नाही. प्रयोगांचे जर्नल पुरे केले की झाले. सत्र संपेपर्यंत कोणी उभे करीत नाही. पहिले काही आठवडे हे स्वातंत्र्य गोड वाटते. पण इमारत उभी राहण्याआधीच बांबूची परांची काढून घ्यावी, तसे काहीसे झालेले असते. आजवर शाळा जी तपासणी करीत होती, ती आता स्वतः करायची आहे, हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

ही तपासणी केवळ गुणांसाठी नसते. स्मरणशक्तीचाच तो एक भाग आहे. हे कसे, ते पाहण्यासाठी आपल्याला जरा मागे जावे लागेल.

विसरण्याचा हिशेब

हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८५ साली स्मरणशक्तीवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील प्रयोगांसाठी माणूस एकच होता, तो म्हणजे ते स्वतः. ओळखीचे शब्द घेतले तर त्यांच्या अर्थाची मदत होते, म्हणून त्यांनी ‘झोफ’, ‘केब’ अशा धर्तीचे सुमारे २३०० अर्थशून्य शब्दांश तयार केले. त्यांच्या याद्या ते पाठ करीत. यादी बिनचूक म्हणता येण्यास किती वेळ लागला, हे ते मोजत. काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करीत आणि या वेळी किती वेळ वाचला, ते पाहत. जितकी बचत जास्त, तितके मनात शिल्लक अधिक, असा हा हिशेब.

त्यांना असे आढळले की वीस मिनिटांनी ५८ टक्के बचत होते, एका तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के, सहा दिवसांनी २५ टक्के आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के. आलेख काढला तर रेषा आधी कड्यासारखी कोसळते आणि मग पठारासारखी सपाट होत जाते. अर्थ असलेला मजकूर इतक्या वेगाने विसरला जात नाही, पण त्याचीही घसरण साधारण याच वळणाची असते.

म्हणजे सोमवारचे व्याख्यान त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा हाताळले नाही, तर त्यातले बरेचसे वाहून जाते. शाळेत बाईंचा ‘कालचा धडा सांगा’ हा प्रश्न नेमक्या या घसरणीच्या वेळी येत असे.

वाचले म्हणजे आले का?

‘मग पुन्हा पुन्हा वाचू’ असे तुम्ही म्हणाल. त्याचेही उत्तर प्रयोगाने मिळाले आहे. अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सूर्याविषयी किंवा सागरी पाणमांजराविषयी एक लहानसा उतारा दिला. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार सत्रांत तो केवळ वाचला. सरासरीने त्यांची चौदा वाचने झाली. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढे कागदावर लिहिले. त्यांची वाचने झाली तीन-साडेतीन.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. वाचणारे जिंकले! पण ज्यांची चाचणी आठवड्याने घेतली, त्यांचा निकाल उलटा लागला. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

यातली आणखी एक गंमत पाहा. ‘आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल असे वाटते?’ हा प्रश्न आधीच विचारला होता. सर्वांत जास्त आत्मविश्वास केवळ वाचणाऱ्या गटाला होता. म्हणजे ज्यांना सर्वांत कमी आठवणार होते, त्यांनाच सर्वांत जास्त येते असे वाटत होते. मजकूर डोळ्यांच्या ओळखीचा होतो आणि मन त्या ओळखीला ज्ञान समजते. रस्त्यातला माणूस ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, तसाच हा प्रकार. मनातून गोष्ट बाहेर काढण्याचे कष्ट घेतले की ती पुढच्या वेळी अधिक सहज सापडते.

बर्कलीच्या मुलांकडे आता पुन्हा पाहा. मित्राला रीत समजावून सांगणे म्हणजे पुस्तक न पाहता आठवणेच नव्हे काय? जुन्या प्रश्नपत्रिकांवरून एकमेकांची परीक्षा घेणे म्हणजे दुसरे काय? ज्याला ते सोबत बसणे म्हणत, त्यात हा प्रयोग रोजच घडत होता.

भाषेचा दुहेरी भार

मराठी माध्यमातून विज्ञानशाखेकडे जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक चढण असते. शाळेत ‘संवेग’, ‘त्वरण’, ‘विभवांतर’, ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणत ज्या कल्पना मनात बसल्या, त्या अकरावीत ‘मोमेंटम’, ‘अ‍ॅक्सिलरेशन’, ‘पोटेन्शियल डिफरन्स’, ‘फोटोसिंथेसिस’ अशी नवी नावे घेऊन येतात.

मन एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी हाती धरू शकते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. पुढच्या संशोधनातून तो चारच्या जवळ असावा असे दिसले. ‘संवेगातील बदलाचा दर लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो’ हे वाक्य इंग्रजीतून ऐकताना दोन-तीन जागा तर शब्दांचे अर्थ लावण्यातच खर्च होतात. कल्पना समजून घ्यायला जागा उरत नाही. विद्यार्थ्याला वाटते, पदार्थविज्ञान कठीण आहे. प्रत्यक्षात त्याला न्यूटनचा दुसरा नियम शाळेपासूनच येत असतो; अडतो तो शब्दावर.

म्हणून या अडचणीचे दोन तुकडे करावेत. वहीच्या मागच्या पानांवर डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी अशी संज्ञांची यादी ठेवावी. उद्याच्या पाठातील आठ-दहा शब्द आदल्या रात्री, एक बाजू हाताने झाकून, आठवून पाहावेत. मग वर्गात बसताना शब्द ओळखीचे असतात आणि मन कल्पनेसाठी मोकळे राहते. विचार मराठीतून करायला काहीच हरकत नाही. उत्तर इंग्रजीतून लिहिण्याचा सराव वेगळा करावा.

‘मीच एकटा मागे’

अनोळखी शहर, नवे वसतिगृह, मेसचे जेवण आणि आजूबाजूला फाडफाड बोलणारी मुले पाहून जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एक विचार येतो: ‘इतर सर्वांना जमते आहे. आपण येथले नव्हे.’ बंद दाराआड बसलेल्या विद्यार्थ्याला हे कळत नाही की पलीकडच्या खोलीतही हाच विचार चालला आहे.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या संशोधकांनी यावर एक साधा प्रयोग केला. त्यांनी पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. आरंभी आम्हालाही परके वाटले, हळूहळू ते सरले, असा त्यांचा आशय होता. मग या विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत तसेच काही लिहिले आणि पुढे येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी ते कॅमेऱ्यासमोर सांगितले. सारे मिळून सुमारे तासाभराचे काम. २०११ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढील तीन वर्षांत यातील आफ्रिकी-अमेरिकन विद्यार्थ्यांचे गुण सुधारले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांशी असलेले त्यांचे अंतर जवळजवळ निम्मे झाले.

२०२३ साली हाच प्रयोग २२ संस्थांतील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर केल्याचे प्रसिद्ध झाले. त्यातून एक महत्त्वाची मर्यादा समोर आली. ज्या महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्याला खरोखरच सामावून घेतले जात होते, तेथेच या उपायाचा गुण आला. नुसत्या धीराच्या शब्दांनी भागत नाही. बी चांगले असले तरी जमिनीत ओल हवी. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्राला ही ओल अपरिचित नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि वेगवेगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली. खेड्यातून आलेल्या मुलाला तेथे भाकरी आणि छप्पर मिळाले, तसेच अभ्यासाला सोबतीही मिळाले. आजच्या वसतिगृहात दर खोलीत वेगळा दिवा आणि हातात वेगळा मोबाइल असतो. सोबती भिंतीपलीकडेच असतात, पण त्यांना आपणहून हाक मारावी लागते.

सोबतीचे नियम

गटाने अभ्यास म्हणजे गप्पांचा फड नव्हे, आणि एकाची वही चौघांनी उतरवणे तर मुळीच नव्हे. गट तीन ते पाच जणांचा असावा. आधी प्रत्येकाने एकट्याने प्रयत्न करून यावे. कोरी वही घेऊन येणाऱ्याला बैठकीचा काही उपयोग नाही. मग पुस्तके मिटून एकाने रीत सांगावी आणि बाकीच्यांनी ‘का?’ विचारत राहावे. समजावून सांगण्याची पाळी सर्वांवर यावी, विशेषतः ज्याला तो भाग कच्चा वाटतो त्याच्यावर. कोणालाच न सुटलेले प्रश्न वेगळ्या पानावर लिहून प्राध्यापकांकडे न्यावेत. ‘मला काही समजत नाही’ म्हणणाऱ्याला मदत करणे कठीण असते. ‘येथपर्यंत आलो, पुढे अडलो’ म्हणणाऱ्याला पाच मिनिटांत वाट दाखवता येते.

करून पाहा

वरील गोष्टी आम्ही सांगतो म्हणून मानू नका. तुमच्या वर्गातच हा प्रयोग करता येईल. शिक्षकांनी सर्वांना अपरिचित असा एक पानाचा उतारा निवडावा आणि त्यातील तीस मुद्द्यांची यादी आधीच करून ठेवावी. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट पाडावेत, म्हणजे हुशार मुले एकाच गटात जाणार नाहीत. पहिल्या गटाने पाच-पाच मिनिटे चार वेळा उतारा वाचावा. दुसऱ्याने पाच मिनिटे वाचून, मग कागद उलटा ठेवून, तीन वेळा आठवेल तेवढे लिहावे. शेवटी प्रत्येकाने ‘आठवड्याने तीसपैकी किती मुद्दे आठवतील’ याचा आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यावा.

आठ दिवसांनी, पूर्वसूचना न देता, सर्वांना उताऱ्यातील मुद्दे लिहायला सांगावेत. कागदावर नावाऐवजी क्रमांक असावा, म्हणजे तपासणाऱ्याला गट कळणार नाही आणि त्याचा कल आड येणार नाही. दोन्ही गटांची सरासरी काढा आणि अंदाजाच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहा. कोणाचा अंदाज सर्वांत जास्त चुकला, ते नोंदवून ठेवा. आकडे अपेक्षेपेक्षा वेगळे आले, तर ते तसेच लिहा आणि कारण शोधा.

हा प्रयोग नववी-दहावीतच केलेला बरा. महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात, ‘सांग पाहू’ म्हणणारे कोणी नसेल तेव्हा, तो प्रश्न स्वतःला आणि शेजारच्या मित्राला विचारण्याची सवय तुमच्या अंगी मुरलेली असेल.